पंधरा सेकंदांची नाडी

आत्याचे जिने सुटले ते तिच्या हृदयामुळे नव्हे, माझ्या गुणाकारामुळे.

आत्या घरोघर जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेते. जिना चढायचा, आकडा टिपायचा, उतरायचं. बावीस वर्षं हेच. गेल्या वर्षी तिचे ठोके बिघडले. गोळ्यांनी वेग आटोक्यात आला, पण ताल काही जमेना. तरी कामात खंड नाही. एकदा तिचा डबा द्यायला ऑफिसात गेलो, तर ती नुकतीच जिना चढून आली होती. मी ऐटीत तिचं मनगट धरलं, पंधरा सेकंद मोजलं, चारने गुणलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "एकशे साठ!"

साहेबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आत्या खुर्चीत, अर्जांवर शिक्के मारत.

आत्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझी बिनपाण्याने केली. "अशा नाडीला पूर्ण मिनिट द्यावं लागतं. दोन ठोके धावतात, तिसरा रेंगाळतो. पंधरा सेकंदांत काय कळणार तुला, कप्पाळ?" मग तपासण्या करून आत्याला म्हणाल्या, "रोज चाला, हळूहळू वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथेच थांबा आणि मला कळवा."

सोबतीला मी. शिक्षाच ती. बोलायचं तर विषय हवा, म्हणून आत्याने मलाच घेतलं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत माझं दहावीचं गणित पुरलं. दुसऱ्या महिन्यात पाण्याच्या टाकीपर्यंत माझं अख्खं बालपण निघालं. एकदा चढावर ती एकदम गप्प झाली.

"आत्या?"

"थांब रे. तुझे गुण संपले नाहीत, माझा दम संपलाय."

कठड्यावर बसून तिने मनगटावर दोन बोटं ठेवली. पूर्ण मिनिट. मग घरी वळली. हट्ट नाही, रडगाणं नाही. दुसऱ्या दिवशी परत तोच चढ, जरा हळू.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी काम करायला लेखी परवानगी दिली. साहेबांचा मात्र कागदावर भरवसा नव्हता. "बाई, माझ्यासमोर चार मजले चढा."

चढली. आपल्या चालीने, प्रत्येक वळणावर क्षणभर टेकत; साहेब मागोमाग. वाटेत साहेबांच्या बायकोचा गुडघा विचारला, मुलाचे मार्क विचारले. दुसऱ्या मजल्यावर साहेब वाक्यात उत्तर देत होते, तिसऱ्यावर नुसतं "हं". चौथ्यावर आत्याने मीटर वाचला, आकडा टिपला आणि मागे वळून पाहिलं.

"साहेब, गप्प कसे? नाडी बघू का?"

सोमवारी तिला तिचे जिने परत मिळाले. त्या दिवशी मी पहिल्या जिन्याच्या पायथ्याशीच उभा होतो, पण छाती अशी फुगली होती, जणू मीच चढलोय.

आता चहाच्या वेळी ती मनगट पुढे करते. "उरलेले पंचेचाळीस सेकंद कधी देतोस रे, शहाण्या?"

मी मोजायला बसतो. विसाव्या सेकंदाला ती माझ्या दहावीच्या गणितावर येते आणि माझा आकडा चुकतो. पंचेचाळीस सेकंदांची बाकी अजून तशीच आहे.