एका तुकड्यात मोजलेला पाइप

ऑफिसात त्यांना सगळे उलटेकाका म्हणत, कारण ते हिशेब नेहमी शेवटाकडून सुरू करायचे. काम होतंच तसं. कारखान्याच्या भट्टीत तापलेलं तेल ज्या पाइपातून ते वेगवेगळं करणाऱ्या उंच टॉवरकडे जातं, त्याचं माप काढायचं. टॉवरमधली हवा ओढून घेतलेली, त्यामुळे तेल वाटेतच उकळतं; पाइपात निम्मं तेल आणि निम्मी त्याचीच वाफ. दाब उतरला की वाफ फुगते, फुगली की जोरात पळते, आणि पळाली की दाब आणखी उतरतो. असल्या वात्रट पाइपाचे कागदावर तुकडे पाडायचे आणि टॉवरपासून एकेक तुकडा मोजत भट्टीपर्यंत मागे यायचं, हा काकांचा शिरस्ता.

तो एकदाच मोडला. साहेबांनी आकड्यासाठी तगादा लावला होता. काकांनी अख्खा पाइप पाण्याच्या नळासारखा एकाच तुकड्यात मोजला, सही ठोकली, नंतर सावकाश बघू म्हणाले. सावकाश बघितलं तेव्हा पाइप कारखान्यात बसवून झाला होता, आणि चांगलाच अरुंद निघाला होता. म्हणजे भट्टीत दाब चढणार, तेल नीट उकळणार नाही, वाफ कमी पडणार, माणसं आच वाढवणार, आणि एक दिवस भट्टीतल्या नळीत तेल करपून ती फुटणार.

"आता बसवलेला पाइप कापू का मी?" काकांनी चूक सांगितल्यावर साहेब म्हणाले. "चालू तर होऊ द्या. तुम्ही उगाच जिवाला लावून घेता."

काका मग थोरल्या साहेबांकडे गेले; त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. काकांना रडू यायचं तेवढं बाकी होतं, कारण त्या भट्टीवर त्यांचेच जावई कामाला होते.

कारखाना सुरू झाल्यावर ते लेकीकडे गेले. ती आत डबा भरत होती. जावई दारात बूट घालत होते.

"आच वाढवायला सांगितली, तर वाढवू नका," काका हळूच म्हणाले.

जावई हसले. "बाबा, वाफ कमी पडली की आच वाढवायची, त्याचाच तर पगार घेतो. आणि पाइप तुमच्या हातचा, म्हणून तर ही घरी निर्धास्त असते."

"माझं चुकलंय," काका म्हणाले. "पाइप अरुंद आहे. मी सांगून बघितलं, कुणी ऐकत नाही."

जावयांचे हात नाडीवरच थांबले. त्यांनी आत बघितलं, मग नाडी घट्ट बांधली.

"हिला सांगू नका," ते म्हणाले, आणि डबा घेऊन कामावर गेले.