साडेतीन मिलीमीटर

माझ्या बायकोने आणि सख्ख्या बहिणीने मिळून मला फसवलं.

मुलीच्या शाळाप्रवेशासाठी तिची जुनी फाइल उपसत होतो, तेव्हा बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा कागद हाती लागला. बाळाच्या मानेमागचं पाणी साडेतीन मिलीमीटर, नाकाचं हाड दिसत नाही, डाऊन सिंड्रोमची शक्यता, पुढची तपासणी करावी. खाली बायकोच्या हातचं: तपासणी नको. आणि सही.

त्या तपासणीच्या दिवशी मी संत तुकाराम नगरातल्या सोनोग्राफी सेंटरबाहेर बाकावर बसलो होतो. नवऱ्यांना आत सोडत नव्हते, बहीण सोबत गेली होती. मी फोनवर चाकणच्या एका कंपनीच्या पत्र्याच्या भंगाराचा सौदा करत होतो. पत्र्याची जाडी मला बोटांनी कळते. अर्ध्या मिलीमीटरची लबाडी झाली तरी मी गाडी परत पाठवतो. दोघी बाहेर आल्या. बायको म्हणाली, "सगळं ठीक आहे, चला." मी उठलो.

मुलगी झाल्यावर डॉक्टरांनी तिला डाऊन सिंड्रोम असल्याचं सांगितलं, तेव्हा मी त्या सेंटरवर भांडायला निघालो होतो. 'यांची मशीन आंधळी आहे' म्हणून जिन्यातच ओरडत होतो. बायकोने हात धरला. "अहो, राहू द्या ना आता." मला वाटलं, हिचा जीवच मऊ.

मी कागद ओट्यावर आपटला. बायको कणीक मळत होती, मळतच राहिली. आमच्याकडेच राहणारी बहीणच बोलली.

"दादा, तू जन्मभर भावच करत आलास. पोरीचाही केला असतास."

तेव्हापासून मी दुपारी गोदामातच जेवतो. घरी तिघींचं हसणं दारापर्यंत ऐकू येतं. मी चप्पल काढली की थांबतं. मुलगी तेवढी धावत येते आणि माझ्या खिशात नट-बोल्ट शोधते. तिच्यासाठी मी रोज दोन घासून, पुसून आणतो.

त्या बाकावर मला विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो? खरंच माहीत नाही. रागात काहीही बोललो असतो. पण बाळाला माझा नकार मी तोंडातून काढण्याआधीच तुम्ही दोघींनी ऐकलात आणि पाच वर्षं हा कागद माझ्यापासून लपवलात. तो नकार कुठे ऐकलात? बहिणीला नाही विचारत. जिने सही केली, तिने कणकेतून हात काढून माझ्याकडे बघून सांगावं.