ऊन कुणाच्या अंगावर फुटलं

माझा बाप कवी होता, आणि तोही प्रेमाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होता. घंटा द्यायचा, माठ भरायचा आणि मधल्या सुट्टीत पायरीवर बसून लिहायचा. त्याच्यासारखं ऊन मराठीत कुणी लिहिलं नाही, हे मी मोठ्या तोंडानं सांगतो. लेक म्हणून म्हणतोय असं वाटत असेल तर वाटू द्या.

तो गेल्यावर काही वर्षांनी टीव्हीसाठी त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायला माणसं आली. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, आणि मी तिथं कॉलेजात शिकवत होतो. कनेरगाव नाक्याच्या पुढं आमचा बंजाऱ्यांचा तांडा. दिग्दर्शकानं आईच्या हातचा चहा घेतला आणि मला बाजूला नेऊन विचारलं, "ती उन्हाची कविता कुणावर आहे हो?"

ती कविता सगळ्यांना पाठ. 'ऊन तुझ्या अंगावर फुटतं आणि रानभर पळत सुटतं.' समीक्षक म्हणायचे, ही नदी. आम्हाला घरात बराबर माहीत होतं. आई आरसे लावलेली चोळी घालून निंदायला बसायची, तिच्या अंगावरचं ऊन पिकावर नाचायचं, आणि बाप बांधावरून बघत राहायचा.

मी म्हणालो, "असेल कुणी. कल्पनेतली."

काहून म्हणालो? लाज वाटली, दुसरं काय. कॉलेजात मी आमचं गाव साधं शेतकऱ्यांचं म्हणून सांगत होतो. तांडा म्हटलं की लोक कसे बघतात ते मला ठाऊक होतं. आईबापाचा एकत्र फोटो होता, तोही मी कपाटात दडवला.

सिनेमा पहिल्यांदा हिंगोलीत एका हॉलात दाखवायचं ठरलं. मी आईला म्हणालो, साडी नेसून चल. "काहून?" एवढंच म्हणाली आणि आपली आरशांची चोळी, आपला घागरा घालून जीपमध्ये बसली.

पडद्यावरचा बाप खोकून खोकून मेला. अरे, माझा बाप जेवून उठला, हात धुतले आणि गेला. जन्मात त्याला पडसं माहीत नव्हतं. पडद्यावर तो चांदण्यात दारू पिऊन रडत लिहीत होता. आमचा गडी चहाशिवाय कशाला शिवला नाही, आणि रडायला त्याला सवड कुठं होती? तरी त्याचे शब्द हॉलात घुमले तेव्हा माझा ऊर भरून आला. मग ती कविता आली. नदीकाठी पांढऱ्या साडीतली एक गोरी पोरगी पाण्यात पाय सोडून बसली होती. आईचा पत्ताच नव्हता. शेजारी बसलेल्या आईनं डोक्यावरची ओढणी सावरली.

दिवे लागले. कुणीतरी विचारलं, ही पोरगी कोण? दिग्दर्शक म्हणाला, "कवीच्या कल्पनेतली प्रेयसी."

"न्हाई," आई उठून म्हणाली. "ती म्या हाय."

लोक हसले. ती तशीच चालत स्टेजपर्यंत गेली. तिच्या चोळीवरचा उजेड दिग्दर्शकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर हलायला लागला, तसं हसणं थांबलं. पुढं तिनं अख्खी कविता म्हटली. अक्षरओळख नसलेली बाई, पण एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

दिग्दर्शक गडबडला. "पण आजी, तुमच्या मुलानंच सांगितलं..."

"त्याला काय ठावं," आई म्हणाली. "तवा हे लेकरू पोटात व्हतं."

भरल्या हॉलात तिनं मला झाकून घेतलं. मी काय सांगितलं होतं, का सांगितलं होतं, सगळं तिला कळत होतं.

मी पुढं गेलो, माईक घेतला. "मला ठावं होतं," मी म्हणालो. "मीच लपवलं. आमी तांड्यावरची माणसं. ती कविता हिच्यावर आहे, आणि ही माझी याडी."

आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. चार लोकांत तिला त्या नावानं हाक मारायला मला चाळीस वर्षं लागली.