जांभळा ठिपका

आमच्या शांती नगरच्या ऑफिसात केबल टाकायला येतात ते गृहस्थ राई गावचे. टेप खिशात असतो, पण माप हाताने घेतात. सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच एकाच रॅकमध्ये असले तर तांब्याची जाड केबल, हात पुरला नाही तर फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारी काचेची तार. "लांब जायचं तर उजेडानंच जायचं, ताई," म्हणतात. पण फायबरच्या टोकात स्वतः कधी बघत नाहीत, मलाही बघू देत नाहीत. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे खराब करतो.

गेल्या महिन्यात एक सर्व्हर पलीकडच्या खोलीत हलवायचा होता. छतातून एक जुनी फायबर लोंबत होती, वरच्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या ऑफिसातून आलेली. मी म्हटलं, "हीच खाली ओढून वापरा ना."

त्यांनी टोकाचं टोपण काढलं आणि आपला जुना फोन समोर धरला. त्याच्या कॅमेऱ्यात तो उजेड दिसतो. स्क्रीनवर जांभळा ठिपका उमटला, म्हणजे वरच्या टोकाला काहीतरी चालू होतं.

"वर कोन हाय?"

"कोणीच नाही. वीजसुद्धा तोडलीय."

त्यांनी टोपण परत बसवलं, कुणाची झोप मोडू नये इतकं हळू. "मग ही न्हाय घ्यायची. नवी टाकतो."

मला राहवेना. मी वर जाऊन आले. दाराला बाहेरून गंजलेलं कुलूप होतं. खाली येऊन सांगितलं, तेव्हा ते शिडीवर होते.

मान न वळवता म्हणाले, "बाहेरून हाय ना? मग बरं हाय."