थंड मांस

आमच्या कुत्र्याला खाज सुटली होती. चावून चावून त्याने पाठीचं कातडं सोलून काढलं. ओटीच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडत. जवळ गेलं की आमच्यावरच दात विचकी. "अशाने मरेल तो," बायको म्हणाली आणि त्याला बोईसरला घेऊन गेली. तिथे नव्या इमारतीत एक बाई प्राण्यांवर चिनी वैद्यकातले आहारोपचार करत.

बाईंनी उदबत्ती लावली, कुत्र्याची जीभ पाहिली, मांडीच्या आत नाडी धरली आणि निदान सांगितलं: अंगात उष्णता. आमच्या पाम गावातला रिक्षावाला हे निदान फुकट करतो. कोंबडी, मटण बंद. मूग, दुधी, काकडी सुरू. "मांस द्यायचंच तर बदकाचं. ते थंड." लोखंडी साखळीही उष्ण, म्हणून सुती दोरी.

सत्काराच्या भाषणाकडे आपण बघतो तसा कुत्रा दुधीकडे बघत राहिला. एका सकाळी त्याने दोरी कुरतडली आणि कुंपणातून शेजारच्या काकूंच्या वाडीत घुसला. ओरडा ऐकून आम्ही धावलो, तोवर विहिरीपाशी बदकांचा चिखल झाला होता. माना मोडलेल्या, पिसं रक्तात चिकटलेली. एक अजून पंख आपटत होतं. कुत्र्याचं तोंड दुसऱ्याच्या पोटात होतं.

काकू कोयता घेऊनच आल्या.

"कुत्रा हाय का लांडगा?"

"काकू, आजारी आहे तो!" बायको ओरडली.

"आजारी? थांब, मीच बरा करते त्याला!"

कोयता बसला आणि कुत्र्याचा कान उडाला. दुसरा घाव मानेवर येणार, तोच बायको कुत्र्यावर आडवी पडली. वेदनेने पिसाटलेल्या कुत्र्याने तिच्याच दंडात दात रुतवले. तिने मिठी सोडली नाही.

"ऊठ गं, फाडतोय तुला तो!"

"फाडू दे."

काकूंचा हात वरच राहिला. मग त्यांनी कोयता विहिरीकडे भिरकावला, दोघींनी मिळून कुत्र्याचा जबडा सोडवला आणि काकूंनी स्वतःचा पदर टर्रकन फाडून तिच्या दंडावर आवळला. तोंडाने शिव्या चालूच होत्या.

पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कानाची जखम शिवली, पाठीची खपली तपासली. कातडीत किडे होते. औषधाने खाज थांबली. बायकोने रेबीजच्या सुया घेतल्या.

पुढे आहारोपचारवाल्या बाईंचा फोन आला. "बदक मिळालं का?"

"मिळालं."

"मग फरक?"

"खाज गेली."

"बघा!" बाई म्हणाल्या.

बायकोने फोन ठेवला आणि कुत्र्यापुढे कोंबडीचा भात सरकवला. कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला, "साखळी घातली हाय ना गं? नवी पिल्लं आनलीत मी."