भावजींचा व्यवसाय

माझे धाकटे दीर चाळीस वर्षं लाकडी सामानाला पॉलिश करत आले. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून आपल्या वर्कशॉपची दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि आत तासन्‌तास स्प्रे मारायचा, ही त्यांची पद्धत. संध्याकाळी हातही थिनरनेच धुणार. साबण पुढे केला तर म्हणत, "राहू द्या वहिनी, पाहुण्यांना होईल."

मार्चमध्ये त्यांच्या मानेत गाठ आली. दाढेची सूज असेल म्हणत दोन महिने घालवले. शेवटी तपासणीत निघाला लसीका ग्रंथींचा कर्करोग.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात या गृहस्थांनी लिहिलं, 'निवृत्त'. आदल्या दिवशीच एका कपाटाला शेवटचा हात मारून आले होते! मी फॉर्म ओढून घेतला आणि खरं ते लिहिलं.

"वहिनी, पॉलिश मी लाकडाला मारतो, मानेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम करताना मास्क लावता?"

"रुमाल बांधतो."

"रोज?"

"आठवलं की."

मग मीच विचारलं, हे कामामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "थिनर, रंग यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता थोडी जास्त असावी, असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. यांना त्यामुळेच झाला का, हे कोणीच नक्की सांगू शकणार नाही. पण त्या वाफा चांगल्या नाहीत. तिथे आता कोण काम करतं?"

भावजी छताकडे बघू लागले. तिथे आता त्यांची लेक काम करत होती.

घरी येताना मात्र स्वारी कोर्टातून निर्दोष सुटल्यासारखी खूश. "नक्की नाही म्हणाल्या, ऐकलंत ना?" पोरीला फोनवर हुकूम गेला, जेवणाच्या टेबलाची मोठी ऑर्डर आहे, खिडकी उघडायची नाही. तीन आठवडे मी रोज वाद घातला. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या केमोनंतर ते पडून होते. लेक भेटायला आली आणि कपाळ दाबत बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा, रोजचंच. बाहेरच्या हवेत आलं की तासाभरात थांबतं."

"रोजचं? कधीपासून?"

"कामाला लागल्यापासून. मला वाटलं, सगळ्यांचंच दुखतं. तुमचं नाही दुखायचं?"

भावजी उठून बसले. मग माझ्याकडून फोन मागून घेतला आणि टेबलवाल्या गिऱ्हाइकाला लावला.

"टेबल पंधरा दिवस उशिरा मिळेल. नाही, लाकूड उत्तम आहे. भिंतीला मोठं भोक पाडून पंखा बसवायचाय. का म्हणजे? माझी भिंत आहे!"

फोन ठेवला आणि माझ्यावरच उखडले, "वहिनी, बघत काय बसलात? तो चांगल्यातला मास्क कुठे मिळतो, ते विचारा की कोणाला तरी!"