गादीवरची जागा

कुणावर लिहावं एवढं माझं वाचन नाही. घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन मांडून बसणाऱ्या मामांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मामा तोंडात टाचण्या धरूनच बोलतात. साधं बटण लावायला गेलं तरी सतरंजीवर हात आपटून म्हणतात, “बस आधी.” मग या दुष्काळातही माठातलं अर्धा पेला पाणी पुढं करतात.

लातूर नुकताच जिल्हा झाला आणि तिथं कापडाचं पहिलं मोठं दुकान काढणाऱ्या शेठजींचा पुतळा चौकात बसवला. मी बघायला निघालो, तेव्हा मामांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“पुतळ्यात गादी हाय का, बघून ये. बाकीचे दुकानदार आपल्या लोकांना पायरीखाली उभं करून कापड दाखवायचे. ह्यानं माझ्या बापाला गादीवर बसवलं. नुसता उभा पुतळा असंल, तर सांगूच नको मला.”

लातूरला एसटीतून उतरलो तो पळतच चौकात गेलो.

परतलो तेव्हा मामा ‘बस’ म्हणायलाही विसरले.

“मामा, गादी हाय! शेठजी कापड उलगडून बसलेत, अन् समोर गिऱ्हाइकाची जागा मोकळी ठेवलीय. मी बसून आलो!”

“कुणी उठवलं न्हाई?”

“न्हाई मामा. एक आजी आल्या अन् म्हणाल्या, ‘सरक की जरा, मलाबी बसू दे.’”